कागदावरचा रिदा

आमच्या गल्लीत कुणी ‘रिदा’ अशी हाक मारली की तीन खिडक्या उघडायच्या. एकीतून रिदा पाववाला डोकं काढायचा, दुसरीतून मशिदीत मुलांना शिकवणारे शेख रिदा, आणि तिसरीतून आमची रिदा, बाहीला टॉवेलाचे धागे चिकटलेले. हाक कुणाची आणि कुठल्या सुरातली, यावरून ज्याचं त्याला कळायचं आणि उरलेल्या दोन खिडक्या मिटायच्या.

नावाचा अर्थ राजी असणं. देवाने पदरात टाकलं त्याला राजी. म्हणून आमच्या शिबीनमध्ये, इजिप्तमधल्या या गिरणीच्या गावात, हे नाव हौसेने कमी आणि मनाची समजूत म्हणून जास्त ठेवतात. पाववाला आधीची दोन भावंडं दगावल्यावर झाला. शेख रिदांचा डावा पाय जन्मापासून अधू. आणि आमची रिदा ही चौथी मुलगी. मुलाला चालतं, मुलीला चालतं, कानाला साधं, तोंडाला सोपं. बाळंतिणीच्या खोलीत जे झालं ते झालं, आता कुरकुर नको, एवढं सगळं दोन अक्षरांत सांगून होतं.

ती वरच्या मजल्यावर वडिलांबरोबर राहायची. वडील अम शल्बी. अम म्हणजे काका, सगळी गल्लीच त्यांना तसं म्हणे. गिरणीत चाळीस वर्षं माग दुरुस्त करून निवृत्त झालेले. आई जाऊन अकरा वर्षं झालेली, सना, नजात आणि वफा या तिघी बहिणी लग्न होऊन गेलेल्या. रिदा घरी मशीनवर टॉवेलांच्या कडा शिवायची, वडिलांचं पथ्य सांभाळायची, आणि गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन दोन जिने चढायची. आवाज जाडसर, चाल भरभर. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून सिलिंडर आमचाही तीच चढवायची, आणि वर माझ्या नवऱ्याला म्हणायची, “अबू सामेह, तुम्ही पुस्तकं उचला, तेवढं जमतं तुम्हाला.”

तेहेतिसाव्या वर्षी तिला स्थळ आलं. वगदी, पंख्यांच्या दुरुस्तीचं दुकान, विधुर, पदरात एक मुलगी. बोलायला मऊ. रमजान लागायच्या आधीचा शेवटचा गुरुवार ठरला. रमजानात आमच्याकडे लग्नं होत नाहीत, आणि ईदनंतर वगदीची बहीण इकराम नवऱ्याबरोबर परगावी जाणार होती. काय व्हायचं ते त्या गुरुवारच्या आत.

निकाह लावणाऱ्या शेखने जन्माचा दाखला मागितला. रिदाकडे ओळखपत्र नव्हतं, जुना दाखला कधीच हरवलेला. सनाचा नवरा नस्र कचेरीत जाऊन नवीन उतारा घेऊन आला, पण वर गेला नाही. आमच्या दारातच बसला.

“हाज्जा, हे जरा बघा,” तो माझ्या सासूबाईंना म्हणाला.

“मला अक्षर येत असतं तर मी तुझ्या सासऱ्याच्या शेजारी राहिले असते का? सुनेला दे.”

मी वाचलं. रिदा शल्बी अब्दल जव्वाद. तारीख बरोबर, आईचं नाव बरोबर. पुढे, पुरुष.

कागद वर नेला तेव्हा रिदा आधी हसलीच. सना नेमकी आलेली होती, तिच्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे बाबांच्या मागे मला मुलाचा वाटा, तुझ्या दुप्पट.” सना हसली, पण जरा उशिरा.

“सही करताना कारकून झोपेत असेल,” नस्र म्हणाला.

“नाव ऐकलं आणि लिहून टाकलं,” मी म्हटलं. “रिदा म्हटल्यावर कुणालाही वाटेल.”

अम शल्बी खाटेवर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी कागद हातात घेतला नाही. “कारकुनाची चूक,” ते म्हणाले. आणि पुढची शेंग उचलली.

दोन दिवसांत ते वगदीच्या घरी पोचलं. कसं, ते विचारू नये. नजातची नणंद आणि इकरामची जाऊ एकाच हौदावर कपडे धुतात. इकराम आली, बिस्किटांचं ताट घेऊन आली, आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

“भावजय आणायला निघालो,” ती म्हणाली, “आणि कागदावर भाऊ निघाला.”

“कागदावर मी दहा वर्षं मेलेली आहे,” सासूबाई म्हणाल्या. “रेशनच्या दुकानात विचार. तरी बिस्किट खातेय.”

इकराम त्यांच्याकडे न बघता रिदाकडे बघत राहिली. आधी खांद्यांकडे, मग वरच्या ओठाकडे. रिदा चहा ओतत होती. ओतून झाल्यावर ती आत गेली आणि इकराम जाईपर्यंत बाहेर आली नाही.

त्या आठवड्यात गल्लीचीही नजर बदलली. ज्या सिलिंडरसाठी तिचं कौतुक होतं, त्याच सिलिंडरकडे आता बायका जरा थांबून बघायला लागल्या. आमच्याकडे मुलग्यांना लष्करात जावंच लागतं, एकुलता एक असेल तरच सूट. भाजीवाला म्हणाला, “रिदा, लष्कर तुला शोधतंय म्हणे.” ती त्याला म्हणाली, “टोमॅटो नीट मोज, नाहीतर बंदूक घेऊन येईन.” सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी सिलिंडर आला तेव्हा तिने खालूनच नस्रला निरोप पाठवला. भरलेल्या सिलिंडरचं ते ओझं नस्र तीनदा टेकवत वर घेऊन गेला, आणि ती कठड्याला धरून बघत उभी राहिली.

वगदी एकदा येऊन गेला. जिन्यातच उभा राहून बोलला. “मला काही शंका नाही, देव जाणतो. पण शेख या कागदावर निकाह लावणार नाही. गुरुवारच्या आत दुरुस्त झालं तर झालं. पुढे घरचे काय म्हणतील, मला सांगता येत नाही.”

“घरचे म्हणजे इकराम,” रिदा म्हणाली.

“आई गेल्यापासून तीच घर,” तो म्हणाला. खरं तेच म्हणाला बिचारा.

कचेरीत मी तिच्याबरोबर गेले. नोंदींच्या टेबलावर मॅडम इन्साफ होत्या. समोर फायली, मांडीवर पातेलं. भरल्या दुधीसाठी कोवळे दुधी पोखरत होत्या. हात पुसून त्यांनी तेहेतीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं, पान उलगडलं आणि आमच्याकडे फिरवलं.

“बघा. ही कारकुनाची चूक नाही. इथे ‘मुलगा’ असं सबंध लिहिलंय. खाली बापाची सही. शेजारी सोबत आलेल्याची सही, जग़लूल मुतवल्ली, गिरणी कामगार.” मग आवाज उतरवून, “दोन वाटा आहेत. वडील येऊन सांगतील की नोंद चुकीची झाली आणि कशी झाली, आणि त्या वेळचे दोन साक्षीदार आणतील, तर आमची समिती कागदावरच निकाल देते. या सोमवारी बसणार आहे. नाहीतर तान्ता शहरात जायचं, तिथे सरकारी डॉक्टर तपासतात.”

“काय तपासतात?” रिदाने विचारलं.

मॅडम इन्साफनी एक दुधी उचलला, पुन्हा ठेवला. “तारीख रमजाननंतरची मिळेल,” त्या म्हणाल्या. “आणि तिथे तीन डॉक्टर असतात, बाई. तिघेही पुरुष.”

बाहेर आल्यावर रिदा फुटपाथवर उभी राहिली. “तान्ताला मी जाणार नाही,” ती म्हणाली. “लग्न मोडलं तरी.”

एक साक्षीदार घरातच होता. माझ्या सासूबाई त्या बाळंतपणाला हजर होत्या. दुसरा हा जग़लूल, ज्याची सहीच रजिस्टरात होती. अम शल्बींना विचारलं तर म्हणाले, तो मेला असेल. गुडघे दुखतात, सोमवारचं बघू. नस्रने गिरणीच्या पेन्शनच्या रांगेत चौकशी केली. जग़लूल जिवंत होता, कालव्यापलीकडे राहत होता आणि दर महिन्याला रांगेत पहिला उभा राहत होता.

आम्ही दोघी गेलो. मोकळा, मोठ्याने बोलणारा म्हातारा, अंगणात कोंबड्या. आम्ही शल्बींकडून आलो म्हटल्यावर त्याने दोघींना आत बसवलं, सुनेला चहा टाकायला लावला आणि रिदाचा चेहरा निरखून म्हणाला, “तू अबू रिदाची मुलगी. नाक तेच. कितवी?”

आमच्या गल्लीत अम शल्बींना कुणी अबू रिदा म्हणत नाही. आमच्याकडे आईबापाला पहिल्या मुलाच्या नावाने ओळखतात. मुलगा नसेल तर थोरल्या मुलीच्या. अबू म्हणजे बाप, उम म्हणजे आई. मी उम सामेह. ते अबू सना. धाकट्या मुलीचं नाव कुणी बापाला लावत नाही.

“चौथी,” रिदा म्हणाली.

“तीनच होत्या ना? तीन मुली आणि मग रिदा.” त्याने बोटं मोजली. “असेल, त्याच्यानंतरची असशील. कसा आहे तो? अजून लिबियातच?”

मी रिदाकडे बघितलं. ती चहाच्या पेल्यात बघत होती.

“काय दिवस होता तो,” जग़लूल मला सांगू लागला. “आम्ही दोघं पाळी सुटल्यावर तडक नोंदणीला गेलो. कारकुनाने विचारलं, मुलगा? हा गडी आनंदाने गप्पच. बोलवेना त्याला. मीच म्हटलं, मुलगा, साहेब, मुलगाच, तीन पोरींच्या पाठीवर. सगळ्या खात्याला मी सरबत पाजलं. त्या दिवसापर्यंत गिरणीत त्याला अबू बनात म्हणायचे, पोरींचा बाप. तुला माहीत आहे कसं म्हणायचे. मग कुणाची छाती झाली नाही.” त्याने पेला खाली ठेवला. “लष्करातून सुटला तो, एकुलता एक म्हणून. इंजिनियर झाला नाही याचं शल्बीला वाईट वाटायचं. मी म्हणायचो, बाबा, टाइल बसवणाराही लिबियात चांगला राहतो. लग्न केलं का त्याने?”

“ठरलंय,” रिदा म्हणाली.

“देव पार पाडो. मुलगी कुठली?”

“इथलीच.”

“आणि तुझं नाव काय, पोरी?”

“वफा,” तिने बहिणीचं नाव सांगितलं.

परत येताना कालव्याच्या पुलावर मी म्हटलं, “अगं, एक शब्द बोलली असतीस तर सोमवारी तो स्वतः आला असता. काम झालं असतं.”

“झालं असतं.”

“मग?”

“तू बघितलंस ना तो कसा सांगत होता,” ती म्हणाली. आणि भरभर पुढे निघाली.

वर गेल्यावर तिने बुरखा न काढताच वडिलांसमोर स्टूल ओढलं. मी निघत होते, तिने हात धरून थांबवलं. बहुतेक एकटीला धीर नव्हता.

“बाबा, जग़लूल विचारत होता, रिदा लिबियाहून कधी येतो.”

अम शल्बींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चोरी पकडल्यासारखा तो झाला नाही. घाबरला. घरातलं मूल रस्त्यावर गेलंय असं कळल्यावर होतो तसा.

“तू काय सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“बरा आहे म्हटलं.”

त्यांनी श्वास सोडला. “देव तुझं भलं करो, बेटी.”

“टाइल बसवतो म्हणे तो.”

“आधी मी सुतार म्हणालो होतो,” ते म्हणाले. “मग गिरणीतल्या एकाने त्याच्याकडून खिडकी करून मागितली.”

हसू यावं असं ते वाक्य होतं आणि कुणी हसलं नाही. रिदा उठून उभी राहिली. “त्याला किती वर्षं झाली तिकडे?”

“नऊ.”

“नऊ वर्षं मी तुमच्या पायांना तेल लावतेय,” ती म्हणाली. “पत्र येतं का त्याचं?”

तिने स्टूल जागेवर ठेवलं. “सोमवारी आठ वाजता नस्र रिक्षा घेऊन येईल. गुडघे दुखले तर तो उचलून नेईल. जग़लूलला मी बोलावलेलं नाही, बोलावणार नाही. तेवढं मी केलंय. आता तुम्ही या.”

दुसरा साक्षीदार म्हणून मॅडम इन्साफनी शेवटी दाईची वही चालवून घेतली. दाईच्या लेकीने ती पिठाच्या डब्यात जपून ठेवली होती. सोमवारी आम्ही सगळे त्या अरुंद खोलीत उभे होतो. समिती म्हणजे एक चष्मेवाला डॉक्टर आणि एक वकील, दोघांनाही घाई. आधी सासूबाईंना पुढे केलं.

“मूल मुलगी होती हे तुम्हाला कसं कळलं, हाज्जा?” वकिलाने विचारलं.

“तुझ्या आईला तू कसा कळलास?” त्या म्हणाल्या. “मीच धुतली तिला. तेल लावलं, गुंडाळली. पुढे लिहायचं असेल तर सांगते, पण या मुलींसमोर नको.”

डॉक्टर खोकला. वकिलाने लिहून घेतलं आणि अम शल्बींकडे वळला. त्यांना खुर्ची दिली होती. टोपी मांडीवर.

“तुम्ही नोंद चुकीची दिली. का?”

“कारकुनाची...” त्यांनी सुरुवात केली.

“कारकुनाची नाही. सही तुमची आहे. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर प्रकरण सरकारी वकिलाकडे जाईल, आणि या बाईंचं काम वर्षभर अडकेल.”

रिदा भिंतीला टेकून उभी होती. तिने एकदाही वडिलांकडे बघितलं नव्हतं. मॅडम इन्साफनी पेन टेबलावर ठेवलं आणि अम शल्बींपुढे वाकून विचारलं, “हाजी, आठवून सांगा. नोंद करायला आलात तेव्हा तुम्ही बाळ बघितलं होतं का?”

वाट दाखवली होती त्यांनी. ‘नाही’ एवढं म्हटलं की झालं.

“नाही,” अम शल्बी म्हणाले.

मॅडम इन्साफ लिहू लागल्या. पण ते थांबले नाहीत. बहुतेक इतक्या वर्षांत त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं.

“सातव्या दिवसापर्यंत नाही बघितलं. दाईने दारातून सांगितलं, मुलगी. मी तसाच पाळीला गेलो. उम सना दोनदा घेऊन आली उंबऱ्यापर्यंत. मी म्हटलं, आत ने. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, रिदा नाव ठेवलंय, नोंद करून या. नाव तिने ठेवलं. मी नाही. मी म्हटलं नाव काहीही ठेव. इथे आलो, त्यांनी विचारलं, मुलगा? जग़लूल शेजारी उभा होता. मी...”

“बाळ बघितलं नव्हतं,” मॅडम इन्साफ मोठ्याने म्हणाल्या, जसं काही पुढचं ऐकूच आलं नाही. “एवढं पुरे आहे, हाजी. इथे सही.”

“सातव्या दिवशीच्या सोहळ्यात बाळाला चाळणीत घालून हलवतात ना,” ते आता टेबलाला सांगत होते, “तेव्हा पाहुणे होते म्हणून बघितली.”

नस्रने त्यांचा हात धरून सही करवली. वकिलाने शिक्का मारला. कारण म्हणून कागदावर लिहिलं गेलं: नोंदीच्या वेळी पित्याने अपत्यास पाहिले नव्हते. रिदाला वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे? तिने मान हलवली. तिचीही सही लागत होती. सहावीपर्यंत शिकलेली ती, अक्षर सुरेख. पण त्या दिवशी तिने एकेक अक्षर मोजून काढलं.

बुधवारी कागद हातात आला. गुरुवारी संध्याकाळच्या नमाजानंतर निकाह. बैठकीची खोली भरली होती. वगदी नव्या कोटात घामेजलेला, इकराम सोन्याच्या बांगड्या घालून, जणू तिचाच हट्ट होता. अम शल्बी धुतलेल्या झग्यात मधल्या सोफ्यावर. गिरणीतलं कुणी नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. सकाळपासून रिदा त्यांच्याशी बोलत होती, औषध घेतलं का, मोजे कुठले घालता, सगळं नेहमीसारखं. मला वाटलं, झालं, निवळलं.

शेखने जाड रजिस्टर उघडलं. कागद पाहिला, ‘स्त्री’ या शब्दावर बोट ठेवून पुढे सरकला. “वधूचा वकील कोण?” त्याने विचारलं.

हा वकील म्हणजे मुलीच्या वतीने नवऱ्याच्या हातात हात देणारा. बाप असताना कुणी विचारतही नाही, नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात. शेखने लिहायला सुरुवातही केली होती. अम शल्बी सोफ्याच्या कडेला सरकले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. जोडलेल्या हातांवर टाकायचा असतो तो, पांढरा.

“नस्र,” रिदा म्हणाली.

शेखने पेन उचललं. “वडील हयात आहेत ना?”

“आहेत. बसलेत ते.” तिचा आवाज नेहमीसारखाच जाडसर होता. “मी तेहेतीस वर्षांची आहे. शेख, मला कुणालाही करता येतं ना?”

“करता येतं,” शेख म्हणाला. “पण—”

“मग नस्र.”

इकराम सनाकडे बघत होती, सना जमिनीकडे. नस्र उठला, बसला, पुन्हा उठला. “अगं रिदा, बाबा इथेच आहेत. मी कसा बसू?”

“त्या खुर्चीवर,” ती म्हणाली.

सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला, म्हणजे काही बोलू नकोस. मी बोलणार नव्हतेच. नस्र येऊन वगदीसमोर बसला. दोघांनी अंगठे जुळवून हात धरले. शेख रुमालासाठी इकडेतिकडे बघू लागला.

अम शल्बींनी आपल्या हातातला रुमाल घडीसकट नस्रकडे केला. “स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “तिनेच धुतलाय.”